ग्राफच्या जमिनीवरचं घर

जर्मनीला निघायच्या दिवशी सगळे माझ्या पाया पडत होते आणि मी धाकट्या जावेला बजावत होते, "दर दोन महिन्यांनी सातबाऱ्याचा उतारा काढून बघत जा. त्यावर नाव माझंच आहे ना, एवढं बघायचं."

ती हसली. "अहो ताई, जमीन काय पळून जाणार आहे?"

"जमीन पळत नाही. नावं पळतात."

गाडीत माझा मुलगा सुनील म्हणाला, "आई, निघताना तरी चार शब्द गोड बोलायचे." मी म्हटलं, गोड बोलणाऱ्यांनीच आपल्याला एकदा घराबाहेर काढलंय.

ते असं. आमचं गाव संस्थानचं. टेकडीवर राजवाडा, खाली राजेसाहेबांची सूतगिरणी आणि गिरणीला लागून कामगारांची घरं. माझ्या सासऱ्यांना राजेसाहेबांनी जागा दिली ती तोंडी. म्हणाले, पिढ्यान्पिढ्या राहा. कागद मागायची सासऱ्यांना लाज वाटली. दसऱ्याला वाड्यावर जाऊन वाकून सोनं देणारा माणूस, तो कागद कुठून मागणार? राजेसाहेब गेले, गिरणी बंद पडली, नातवाने जागा विकून टाकली. सामान काढायला आम्हाला आठ दिवस मिळाले. सुनील तेव्हा माझ्या पोटात होता. सातव्या महिन्यात मी भांडी पोत्यात भरली. पुढे यांनी गावाबाहेर तीन गुंठे घेऊन दोन खोल्या बांधल्या. हे गेल्यावर उताऱ्यावर माझं नाव लागलं. चौथीपर्यंतच शिकले, पण तेवढा कागद मला वाचता येतो.

इथे आले तेव्हा मला वाटलं होतं, जर्मनी म्हणजे सगळं नवं असणार. सुनीलचं गाव इंगोलश्टाटपासून गाडीने अर्ध्या तासावर. तिथल्या मोठ्या मोटारींच्या कारखान्याला लागणारे गाड्यांचे दरवाजे इथे होतात, त्यात तो इंजिनिअर. गाडीतून उतरले, वर बघितलं तर टेकडीवर वाडा. इथे त्याला श्लोस म्हणतात. त्यात ग्राफ राहतो. ग्राफ म्हणजे आपल्याकडचा सरदार किंवा छोटा राजा म्हणा. गावाभोवतीचं जंगल त्याचं, बिअरची भट्टी त्याची. सुनीलचा कारखानाही त्याच्याच पणजोबाने लोखंड ओतायला काढला होता. आता मालक दुसरे, पण खालची जमीन ग्राफचीच. त्याचं बगळ्याचं चिन्ह बालवाडीच्या भिंतीवर आहे आणि दफनभूमीतल्या बाकावरसुद्धा. मी सुनीलला म्हटलं, "एवढं विमानात बसून आलो आणि पुन्हा राजवाड्याखालीच उतरलो."

उन्हाळ्यात ग्राफ सगळ्या गावाला वाड्यावर बोलावतो. हिरव्या कोटातला सुकलेला माणूस, फाटकात उभा राहून प्रत्येकाशी हात मिळवत होता. सुनीलने हात दिला आणि त्याची मान जरा जास्तच वाकली. आजोबांना त्याने कधी पाहिलं नाही, पण वाकला अगदी त्यांच्यासारखा.

पुढच्याच रविवारी त्याने विषय काढला. 'तर मग'ला तो हल्ली इथल्यासारखं आल्झो म्हणतो. "आल्झो, आई, इथे घर बांधायचंय. तिकडच्या खोल्या रिकाम्याच पडल्यात. त्या विकल्या तर मोठा आधार होईल."

"जमीन कुणाच्या नावावर?"

"ग्राफच्या. इथे त्याला एर्बपाख्त म्हणतात. घर आपलं, जमीन त्याची. नव्व्याण्णव वर्षं आपल्याला कुणी हलवू शकत नाही."

"आणि शंभराव्या वर्षी?"

"तोपर्यंत कोण असणार आहे, आई?"

"राजेसाहेबांचा नातू होता."

तो चिडला. "तिकडे सगळं तोंडी होतं. हा नोटारपुढे, म्हणजे नोटरीपुढे केलेला करार आहे, चाळीस पानांचा."

चाळीस पानं ऐकून माझा संशय वाढला. चांगल्या गोष्टीला एवढी पानं लागत नाहीत.

शेजारी हिल्डाबाई राहतात, माझ्याच वयाच्या. त्यांच्या आजोबांनी अशाच जमिनीवर घर बांधलं होतं. मी सुनेला, वैशालीला दुभाषी म्हणून घेऊन त्यांच्याकडे गेले आणि सरळ विचारलं. बाईंनी चार बोटं दाखवली. त्यांच्या कराराची चारच वर्षं उरलीत. करार वाढवता येईल, पण जमिनीचं भाडं नव्या दराने. नाही वाढवला तर घराची किंमत ठरवून देतील, पूर्ण नाही, आणि घर ग्राफकडे जाईल.

"राग नाही येत?" मी विचारलं.

"आजोबांनी वाचूनच सही केली होती," बाई म्हणाल्या. "गेनाऊ, अगदी असंच लिहिलंय. कायद्याने ग्राफांची सत्ता गेली, जंगल गेलं नाही. मला चार वर्षं पुरतील."

वैशालीला ते घर मनापासून हवं होतं. तरी तिने मला सांगताना एक शब्द गाळला नाही. तेव्हापासून मी तिला मानते.

घरी येऊन मी सुनीलला सांगितलं, "हे लोक फसवत नाहीत, एवढं कळलं. जायचं कधी ते आधीच लिहून देतात. तुला पटत असेल तर बांध. माझ्या खोल्या मी विकणार नाही."

"पण तिकडे राहणार कोण? तू तरी परत जाणार आहेस का?"

"नाही. गुडघ्यांना आता ते जमायचं नाही."

"मग कशासाठी ठेवायच्या?"

"रिकाम्या राहिल्या तरी तिथे येऊन मला कुणी ऊठ म्हणणार नाही."

पंधरा दिवस तो माझ्याशी कामापुरतं बोलला. मग त्याने बँकेच्या जिवावर बांधलं, ठरवलं होतं त्यापेक्षा एक खोली कमी. खालची खोली मला दिली. घर उबदार आहे, मी वाईट म्हणणार नाही.

तिकडे राहिलेल्यांना वाटतं आम्ही परक्याचे झालो, इकडे आलेल्यांना वाटतं आम्ही मालक झालो. मला दोन्ही पटत नाही. मी इथे राहते. घर मात्र मी त्यालाच म्हणते, जिथे सोडायची तारीख लिहिलेली नाही.

सुनीलने अंगणात सफरचंदाचं झाड लावलंय. मी माझा कढीपत्ता कुंडीतच ठेवलाय. थंडीत तो आत घ्यावाच लागतो, त्यामुळे जमिनीत का लावला नाही, असं मला कुणी विचारत नाही.