जावयाची खूण

तळघरातल्या त्या शिलाई कारखान्यात चाळीस मशिनं एकदम धडधडायला लागली की नव्याने कामाला लागलेल्या बायका कानांत कापूस घालायच्या. काजवालीला त्याची गरज नव्हती. ती जन्मापासून बहिरी. शर्टाच्या पट्टीवर काजं पाडायचं मशीन तिच्याकडे होतं, आणि ते बिघडणार हे मेकॅनिकच्या आधी तिच्या तळहाताला कळायचं. कटिंग मास्तर तिच्यावर खूश. "एवढ्या बायकांत ही एकच गप्पांत वेळ घालवत नाही," असं तो सगळ्यांना ऐकवायचा.

"मास्तर, तुमची पाठ वळली ना, की सगळ्यात जास्त बडबड हिचीच," इस्त्रीवाली म्हणायची. "हातांनी तुमची नक्कल करते. पोट असं पुढे काढून!"

इस्त्रीवाली शेजारच्या टेबलावर शर्ट दाबायची. आवाज असा, की वाफेच्या फुसकाऱ्याच्या वर जाऊन चार टेबलं पलीकडे ऐकू यावा. तिचं आणि काजवालीचं कसं जमलं हे कुणालाच कळलं नाही. एकीला ऐकू येत नव्हतं आणि दुसरीला गप्प बसता येत नव्हतं.

काजवालीच्या खुणा पूर्ण कळणारं माणूस जगात एकच होतं. तिची आई. मुलगी लहान असताना खुणांची भाषा शिकवणारी शाळा गावात होती, पण आईने तिला तिथे घातलं नाही. चारचौघांत हात हलवले की लोक वळून बघतात, म्हणून ओठ वाचायला शिकवणाऱ्या शाळेत घातलं. ओठ वाचणं जेमतेम जमलं, लिहिणं अर्धंमुर्धं राहिलं. उरल्या त्या घरातल्या खुणा. स्वयंपाकघरातल्या ओट्यापाशी मायलेकींनी मिळून तयार केलेल्या.

आई बी.ए. झालेली होती, छापखान्यासाठी घरबसल्या प्रुफं तपासायची. लेकीचं बोलणंही ती तसंच, सुधारून पुढे द्यायची. मावशी येऊन म्हणाली, "मुकीचं कसं व्हायचं गं," की आई लेकीला सांगायची, मावशी म्हणतेय फ्रॉक छान आहे. लेकीने गाल फुगवून 'म्हैस' केलं, की आई मावशीला सांगायची, "चहा घेणार का विचारतेय." मावशी दोन कप चहा पिऊन लेकीच्या गालाला हात लावून जायची. लेक चकित. म्हैस म्हटलं तरी ही बया एवढी खूश कशी?

अशाने घर सुरळीत चालत होतं.

एकोणतिसाव्या वर्षी लेकीचं लग्न ठरलं. मुलगा वायरमन. ऐकू येणारा, बोलायला गोड, हातीपायी धड. मुलाची आई पहिल्याच दिवशी म्हणाली, "आमच्या मुलाचं मन मोठं, म्हणून पदरात घेतोय." आईने याचं भाषांतर केलं, 'सासूला तू आवडलीस.' लेकीने त्याच संध्याकाळी नवऱ्याची खूण ठरवून टाकली. अंगठ्याने हवेतलं बटण खाली दाबायचं, आणि मग चेहऱ्यासमोर पाचही बोटं उघडायची. दिवा लागला! मायलेकी पोट धरून हसल्या.

लेक सासरी गेली. कारखान्यातली नोकरी चालू राहिली, पगार मात्र नवऱ्याच्या खात्यात. हिला बँकेत कोण समजावणार, असं तो म्हणाला, आणि ते आईलाही पटलं. नव्या बिऱ्हाडी राहायला गेले त्याच दिवशी त्याने मजल्यावरच्या चारही दारांवर जाऊन सांगितलं, "आमच्या घरातून आवाज आला तर घाबरू नका हं. तिची बोलायची तऱ्हाच तशी आहे." शेजारणींना हे फार कौतुकाचं वाटलं. बायकोची किती काळजी!

दीड वर्षाने लेकीच्या कपाळाला पहिले टाके पडले. दवाखान्यात आई सोबत होती. डॉक्टरने विचारलं, कसं लागलं? लेकीने दोन्ही तळहात जोरात पुढे ढकलले. खुणांची भाषा न येणाऱ्यालाही समजावं असंच ते होतं. आईने डॉक्टरकडे बघितलं आणि म्हणाली, "घसरली."

का म्हणाली, हे तिला सांगता आलं असतं. भांड्याला भांडं लागतंच. परत आली तर पुढे काय? मी काय जन्माला पुरणार आहे का? आणि सगळ्यांत मोठं कारण असं, की आपल्यात असं होत नाही. सुशिक्षित घर आपलं. दाराबाहेर वर्तमानपत्रं पडतात, भिंतीला पुस्तकांचं कपाट आहे. त्यानंतरच्या दोन खेपांनाही ती तेच म्हणाली. एकदा जिना, एकदा न्हाणीघर. लेक तिच्या ओठांकडे बघत राहायची. 'घसरली' हा शब्द तिला ओठांवरून वाचता येत होता की नाही, हे आईने कधी विचारलं नाही.

तेव्हापासून लेक माहेरी आली की नवऱ्याचीच खूण करायची. पुन्हा पुन्हा. बटण, आणि मग तळहात डोळ्यांवर. आईला वाटायचं, नवऱ्याबद्दल काहीतरी सांगतेय आणि दमली आहे, झोप आलीय. "पड जरा," ती म्हणायची आणि उशी आणून द्यायची. लेक उशीकडे बघायची, आईकडे बघायची, आणि भिंतीकडे तोंड करून पडायची.

एका दुपारी कारखान्यातली वीज गेली. तळघरच ते, मिट्ट काळोख झाला. बायकांनी नेहमीसारखा हुर्यो केला, कुणीतरी मास्तरला चिमटा काढला, कुणी फोनचा दिवा लावला. त्या उजेडात इस्त्रीवालीला दिसलं, की काजाच्या मशिनवर कुणीच नाही. काजवाली टेबलाखाली होती. गुडघे पोटाशी, दोन्ही हात डोक्यावर, मार चुकवायला घेतात तसे. इस्त्रीवालीने खांद्याला हात लावताच तिच्या तोंडून जो आवाज निघाला, त्याने हसणाऱ्या बायका गप्प झाल्या.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत इस्त्रीवाली तिला घेऊन थेट आईच्या दारात उभी राहिली. काजवालीचं उजवं मनगट सुजून टम्म झालं होतं. आदल्या संध्याकाळचं.

"अगं बाई, घसरली का पुन्हा?" आई म्हणाली.

"काकू, हिची भाषा तुम्हाला येते की मला?" इस्त्रीवाली चपला काढून सरळ आत आली. "ही रोज हे करते त्याचा अर्थ सांगा मला." तिने अंगठ्याने हवेत काहीतरी केलं आणि डोळे झाकले.

"जावईबापू. वायरमन आहेत ना, म्हणून बटण."

"बटण वर की खाली?"

"म्हणजे?"

"अहो, खाली दाबलं की दिवा लागतो. ही वर ढकलते. बघा नीट!"

आई लेकीकडे वळली. लेकीने सावकाश, लहान मुलाला शिकवतात तशी, अंगठ्याने बटण वर ढकललं. तळहात डोळ्यांवर ठेवला. मग तो हात काढून स्वतःच्याच गालावर आपटला.

वेलांटी पहिली की दुसरी यावरून लेखकांशी वाद घालणाऱ्या आईला वर्षभर हे दिसलं नव्हतं. लेक नवऱ्याचं नाव घेत नव्हती. तो काय करतो ते सांगत होती. तो आधी दार लावायचा, मग दिवा घालवायचा. काळोखात तिला त्याचे ओठ दिसत नाहीत, हात कुठून येतोय ते दिसत नाही, आणि 'नको' म्हणणारे तिचे हातही कुणाला दिसत नाहीत. राहता राहिला आवाज. त्याचा बंदोबस्त त्याने आधीच चार दारांवर जाऊन केला होता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो हा.

आई म्हणाली, "मला वाटायचं, रागाच्या भरात होत असेल..."

"रागावलेला माणूस आधी दिवा घालवत बसत नाही, काकू." इस्त्रीवालीने पाण्याचा तांब्या स्वतःच शोधून तिच्या हातात दिला. "माझा नवरा हात उचलतो तेव्हा मी अख्खी गल्ली गोळा करते. पण पोलिसांत तक्रार द्यायला गेले तर काय म्हणाले ठाऊक आहे? 'तुमच्या वस्तीत हे चालतंच.' तेव्हा मी येऊन उपयोग नाही. तुम्ही चला. तुमचं शुद्ध बोलणं ऐकून खुर्ची तरी देतील."

खुर्ची खरंच दिली. बायकांच्या तक्रारी घ्यायची खोली लहान होती. दोन टेबलं, फायलींनी वाकलेलं कपाट, कोपऱ्यात खेळण्यांची टोपली. अधिकारीबाईंनी लेकीपुढे कागद सरकवला. "यांनाच लिहू द्या."

लेकीने सुजल्या हाताने बराच वेळ लावून लिहिलं. बाईंनी वाचलं आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. "इथे तर उलटंच आहे. 'मी नवरा मारला.'"

"प्रत्यय येत नाहीत तिला," आई घाईने म्हणाली. "'मला नवऱ्याने मारलं' असं म्हणायचंय."

"तुम्ही म्हणता. कागद तसं म्हणत नाही."

निरोप गेल्यावर जावई आला. धुतलेला शर्ट, खाली नजर. "मॅडम, हिला बोलता येत नाही, मग चिडते आणि स्वतःलाच आपटून घेते. मी सांभाळतोय. आई, तुम्हीच समजवा ना हिला. दवाखान्यात तुम्ही होतातच की." एवढं बोलून त्याने आईकडे पाहिलं. नजर मऊ होती.

बाईंनी त्याला बाहेर बसवलं. "हे बघा," त्या आईला म्हणाल्या, "नवरा न्यायला आलाय. समजून घेणारा माणूस दिसतोय. जबाबात ठोस काही नसेल तर मी कशाच्या आधारावर थांबवू? ही म्हणेल ते तुम्ही सांगा. जसंच्या तसं. मनाचं काही नको."

लेक सांगू लागली आणि आई बोलू लागली. दार. बटण. काळोख. आधी 'ती म्हणते' असं म्हणून, मग ते लावायला सवडच उरली नाही. "मी भिंतीला पाठ लावून बसते. जमीन हलली की कळतं तो कुठे आहे. मी ओरडते. कुणी येत नाही. सकाळी शेजारीण हसून बघते." बाईंचं पेन चालत होतं.

मग लेक थांबली. तिने आईकडे बोट केलं. तीन बोटं दाखवली. एक हात दुसऱ्या तळहातावरून घसरवला, आणि ओठांपाशी बोट वाकडं केलं. ही खूण लहानपणीची. खोटं.

आईने पदर सारखा केला.

"काय म्हणतेय?"

'दमलीय' असं म्हणता आलं असतं. 'आई सोबत होती म्हणतेय' असंही म्हणता आलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं. लेकीची नजर आईच्या तोंडावर खिळली होती.

"माझ्या आईने डॉक्टरला तीनदा खोटं सांगितलं," आई म्हणाली. "मी पडले नव्हते. तिला माहीत होतं."

बाईंचं पेन थांबलं. "कुणाच्या आईने?"

"हिच्या. मी."

बाहेर जावई कुणाशी तरी फोनवर गोड बोलत होता. बाईंनी लिहिलेल्या कागदावर आडवी रेघ मारली. "मग तुम्ही दुभाषी म्हणून चालणार नाही. उद्या मूकबधिर शाळेतल्या शिक्षिकेला बोलावते, घरच्या खुणांतूनही त्या अर्थ काढतात." आईचा चेहरा पडलेला पाहून त्यांनी कोरा कागद पुढे ओढला. "तुम्ही साक्षीदार झालात, बाई. साक्षीदार मिळाल्यावर आज तिला पाठवायचा प्रश्न येत नाही. पण तुम्ही काय केलंत तेही यात येणार. नातेवाईक वाचतील, कोर्टात विचारतील. चालेल?"

आईने लेकीसाठी यातलं काही सुधारलं नाही. सगळं तसंच्या तसं तिला खुणेने सांगितलं. लेकीने मान हलवली नाही, हात धरला नाही. नुसती बघत राहिली.

"चालेल," आई म्हणाली.

"पहिली वेळ कधीची? अंदाजे सांगितलं तरी हरकत नाही."

"अंदाज नको," आई म्हणाली. "तिन्ही तारखा पाठ आहेत मला."