अफूचा कण आणि मोडलेलं मनगट

म्हातारपणी माणूस पडतंच, असं माझ्यापुढं कुणी बोलू नये. मी ऐकून घेत नाही.

बहात्तरच्या दुष्काळात जळकोटजवळ पाझर तलावाचं काम निघालं होतं. मी खडी फोडायची आणि सासूबाई बाभळीखाली आम्हा बायांची लेकरं सांभाळायच्या. लेकरं निजावीत म्हणून अफूचा कण चाटवायची तेव्हा रीतच होती. डबी सासूबाईंच्या कनवटीला असायची. त्यांचे गुडघे मात्र असे दुखायचे, की उठताना डोळ्यांत पाणी यायचं. दवाखान्यात जावं तर खाडा पडायचा. एका सकाळी मीच म्हणाले, "आत्याबाई, लेकरांना चालतंय, तुमाला काय हुतंय? घ्या की एक कण."

दुखणं पळालं. एवढ्या स्वस्तात औषध सापडलं म्हणून मी खूश. दुपारी त्या पेंगायच्या, पाय भलतीकडंच पडायचा. मला दिसत होतं, पण मी गप बसले. लाज वाटते सांगायला.

पंधरवड्यात त्या खडीच्या ढिगावर पडल्या, तेव्हा कडेवर माझी लेक होती. त्यांनी लेकीला वर धरलं आणि सगळा भार एका हातावर घेतला. लेकीला खरचटलंसुद्धा नाही. त्यांचं मनगट मोडलं.

डॉक्टरांनी प्लास्टर घातलं, दुखण्याच्या गोळ्या दिल्या. सासूबाईंनी विचारलं, "ह्यानं गुंगी येती का?" थोडी येईल, म्हणाले. त्यांनी पुडी टेबलावर परत ठेवली.

आठ दिवसांनी हात गळ्यात अडकवून त्या कामावर हजर. मुकादमानं नाव कापलं होतं. "वय झालं, आजी. हाडं ठिसूळ झाली. आता तुमच्याकडं लेकरू कोण देणार?"

"हाडं ठिसूळ असतील," मी सगळ्यांसमोर म्हणाले, "पर पाडलं अफूनं. ती म्याच दिली हुती."

सासूबाईंनी कनवटीची डबी काढली आणि मातीच्या पाटीत उपडी केली.

"आता लेकरं दिवसभर रडतील," मुकादम म्हणाला. "कामं व्हायची कशी?"

"रडू द्या," सासूबाई म्हणाल्या. "रडतंय म्हंजी जागं हाय. मी बी जागीच हाय आता. दुखतंय, पर जागी हाय."

एकही बाई पुढं होईना. मी माझी लेक उचलली आणि त्यांच्या धड हातात दिली.