नागेशची चाळणी

वालचंदनगरला कारखान्याच्या संगणक विभागात काम करणाऱ्या नागेशला बारामतीचा विजयसिंह डोळ्यांसमोर नको असे. विजयसिंह शेअरचा दलाल. सफारी घालून दुकानात बसायचा आणि येईल त्याच्या कानाला लागून म्हणायचा, "आतली बातमी हाय!" बातमी कसली, फोनवर आलेली वावडी. त्यावर शिकलेसवरलेले मास्तर, डॉक्टर, बागायतदार माना डोलवायचे. नागेशला त्या मानांची किळस यायची.

त्याची रीत वेगळी. दोनशे कंपन्यांचे अहवाल मागवायचे. नफ्याच्या मानाने भाव, कर्ज, लाभांश, वर्षभरातली भावाची चाल, या चार गोष्टींना गुण द्यायचे. वरच्या पंचवीस कंपन्यांचे शेअर घ्यायचे, सहा महिन्यांनी पुन्हा सगळं चाळायचं. लोक याला नागेशची चाळणी म्हणायचे. मालक कोण, हे विचारायचंच नाही. कळस गावात मेंढरं राखण्यात जन्म गेलेले त्याचे वडील आबाजी यावर एवढंच म्हणाले, "मेंढा घेताना आमी दात बघतो, इकणाऱ्याचं तोंड न्हाय."

१९९२ च्या सुरुवातीला बाजार उधळला. विजयसिंहाच्या गिऱ्हाइकांचे पैसे दुप्पट झाले. नागेशचे शेअर रांगत होते. बायको, प्रतीक्षा, शेजाऱ्यांची नवी मारुती दोनदा बघून आली. मार्चअखेर नागेश एसटीनं बारामतीला, विजयसिंहाच्या दुकानात गेला. सगळं विकून त्यानं विजयसिंहानं सांगितलेल्या एका कागद गिरणीचे शेअर घेतले. त्याच्या यादीत ती गिरणी दोनशेवी होती.

"काय साहेब, चाळणी फाटली का?" विजयसिंह हसला.

नागेशनं सही केली.

एप्रिलात शेअरबाजारातला मोठा घोटाळा बाहेर आला, बाजार कोसळला. गिरणीच्या शेअरचा कागद कुणी हातात धरेना. विजयसिंहानं दुकानाला कुलूप लावलं. लोक त्याला शिव्या घालून मोकळे झाले. नागेशला तेवढीही सोय नव्हती. दोनशेवा नंबर त्यानं स्वतःच्या हातानं लिहिला होता.

तो पुन्हा चाळायला बसला. तीन वर्षांनी सगळा हिशेब जोडून त्यानं अर्ज केला, तेव्हा मुंबईच्या एका फंड कंपनीनं त्याला मुलाखतीला बोलावलं. साहेबांनी विचारलं, "तेजी आली तरी यादीला चिकटून राहाल?"

"न्हाय," त्याच्या तोंडून गावाकडचंच निघालं. मग सावरून म्हणाला, "मी एकदा मोडलीय. म्हणून यादी बदलायचा अधिकार कुणालाच देऊ नका. मला तर नकोच."

नोकरी लागली. कंपन्यांच्या अध्यक्षांबरोबर जेवून येऊन त्यांचे गोडवे गाणाऱ्या सहकाऱ्यांकडे तो मान वर करूनही बघत नसे. सुट्टीत कळसला आला की पारावर कुणीतरी लाडानं विचारायचं, "नागेशराव, कुठला शेअर घिऊ?"

त्या आशाळभूत चेहऱ्याची त्याला शिसारी यायची. बारामतीच्या दुकानात, सही करताना, त्याचा स्वतःचा चेहरा तसाच झाला होता.

"मला इचारू नका," तो म्हणायचा आणि घराकडं चालू लागायचा.