मोझाच्या पेपरातले चार गुण

सहार विमानतळावर सगळ्यांचे आईवडील रडत होते, आमचे अण्णा मात्र मला सूचना देत होते. सांगलीच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवून ते नुकतेच निवृत्त झाले होते. लेक नवऱ्यामागे अबुधाबीला निघाली, ही त्यांच्या लेखी फार तर बदली होती. "नोकरी मिळाली तर गणितच शिकव," ते म्हणाले. "आणि उत्तराला भुलू नकोस. उत्तर शेजारच्याचं बघूनही लिहिता येतं. रीत बघायची." आई म्हणाली, "अहो, तिला निदान नीट जा तरी म्हणा." शहाण्णव साल होतं. एम.एस्सी. झालेली, कॉलेजातली कायम नोकरी सोडून निघालेली मी, अण्णांसमोर मान हलवत उभी होते.

मागे राहिलेल्यांना वाटतं, इकडे आलो आणि आमचं भलं झालं. आलेल्यांना विचारा. सांगलीत मी बी.एस्सी.च्या वर्गाला कॅल्क्युलस शिकवायचे. इथे दोन वर्षं घरी बसल्यावर मुलींच्या एका कॉलेजात काम मिळालं ते फाउंडेशन मॅथ्सचं. अपूर्णांक, शेकडेवारी, ऋण संख्या. शाळेत ज्यांचं गणित कच्चं राहिलं, त्यांनी डिप्लोमाला जाण्याआधी हा कोर्स करायचा. पास व्हायला साठ गुण, आणि संधी तीन. तिसऱ्यांदा नापास झालं की कॉलेज सुटलं. एवढं शिकून पाचवीचं गणित शिकवायचं, म्हणून मी पहिल्या दिवशी घरी येऊन नवऱ्यावर चिडचिड केली. पुढे कळलं की हेच जास्त अवघड आहे. पाचवीतल्या पोराला चुकायची लाज वाटत नाही, मोठ्या बाईला वाटते.

मोझा पहिल्या बाकावर बसायची. तिशी ओलांडलेली, तीन मुलांची आई. अल ऐनजवळच्या गावातून रोज गाडीने यायची. तिला लहान मुलांना शिकवायचा डिप्लोमा करायचा होता. दोनदा ती दुसऱ्यांच्या वर्गात नापास झाली होती, आणि नवऱ्याने दिलेली मुभाही संपत आली होती. "धिस इयर ओन्ली, मिस," असं तिने मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं.

तिची एक गंमत होती. फळ्यावर गणित घातलं की ती छताकडे बघायची, अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवायची आणि थेट उत्तर लिहायची. बहुतेक वेळा बरोबर. "स्टेप्स कुठे आहेत, मोझा?" "मिस, इन माय हेड." लहानपणापासून वडिलांच्या बागेतला खजूर भावंडांत, काकांत, शेजाऱ्यांत वाटायचं काम तिच्याकडे होतं, त्यामुळे वाटे आणि हिस्से तिला तोंडपाठ होते. क्वचित लिहावं लागलंच तर बाकावर पेन्सिलीने अरबी आकडे मांडायची आणि कुणी बघायच्या आत बाहीने पुसून टाकायची. हे काही खरं गणित नव्हे, अशी तिची समजूत होती. आणि खरं सांगते, माझीही तीच होती. मी शंभरदा बजावलं, रीत लिही. ती म्हणायची, "इन्शाल्ला, मिस."

शेवटच्या परीक्षेचा तिचा पेपर मी घरी जेवणाच्या टेबलावर तपासला. आठ गणितांची उत्तरं बरोबर होती, रीत एकाचीही नव्हती. प्रत्येकाचा अर्धा गुण कापला. तुम्हीही तिकडच्याच शाळांत शिकलात, त्यामुळे यात तुम्हाला नवल वाटणार नाही. रीत नाही, तर पूर्ण गुण नाहीत. बेरीज सत्तावन्न आली. मी ती दोनदा करून पाहिली.

माझी सई तेव्हा आठ वर्षांची होती. "आई, इट्स ओन्ली थ्री मार्क्स. जस्ट गिव्ह हर!"

"गुण द्यायचे नसतात, मिळवायचे असतात," मी म्हणाले. नवरा म्हणाला, "अगं, तिची शेवटची संधी आहे ना?" मी ऐकलं नाही. शुक्रवारी फोनवर अण्णांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "शाब्बास." त्या शाब्बासकीने मी आठवडाभर हवेत होते.

मोझा पुस्तकं परत करायला आली, तेव्हा रडली नाही. माझा हात हातात घेऊन म्हणाली, "थँक यू, मिस. माय हेड नो गुड फॉर मॅथ्स. खलास."

पुढच्या सत्राच्या मीटिंगमध्ये नव्या शिक्षकांसाठी आमच्या कोऑर्डिनेटर बाईंनी पेपर तपासायचे नियम वाचून दाखवले. फाउंडेशनला उत्तर बरोबर असेल तर पूर्ण गुण. रीत पाहायची ती फक्त उत्तर चुकलं तर, काही गुण देता यावेत म्हणून. तोच कागद तीन वर्षं माझ्या ड्रॉवरमध्ये पडून होता. मी वाचलाच नव्हता. पेपर कसा तपासायचा हे मला, अण्णांच्या लेकीला, कोण शिकवणार!

मोझाचा पेपर काढून पुन्हा तपासला. एकसष्ट.

बाईंकडे गेले, चूक कबूल केली. त्या वरच्यांशी बोलल्या. दहा दिवसांनी उत्तर आलं: निकाल बंद झाला आहे, विद्यार्थिनीने स्वतः अर्ज केला तर विचार करू. कॉलेज आपली चूक तिला लेखी कळवणार नव्हतं. मी मोझाच्या घरी फोन लावला. तिचा नवरा म्हणाला, "नो कॉलेज. फिनिश." दुसऱ्यांदा लावला, तेव्हा त्याने माझं बोलणं पुरतं ऐकूनही घेतलं नाही.

दोनेक वर्षांनी ती अबुधाबीच्याच खलिफा सिटीतल्या एका क्लिनिकमध्ये भेटली. तिनेच मला ओळखलं. आनंदाने गालाला गाल लावला. शेजारी दहा-अकरा वर्षांची मुलगी होती. "माय मॅथ्स टीचर," मोझाने तिला कौतुकाने सांगितलं. मग मुलीच्या डोक्यावर हात ठेवून माझ्याकडे वळली. "शी इज लाइक मी, मिस. नो हेड फॉर मॅथ्स." मुलगी खाली बघू लागली.

तेव्हाच बोलायला हवं होतं. दोन वाक्यांचं काम होतं. मी तोंड उघडलं आणि कशी आहेस, घरी सगळे कसे आहेत, एवढंच विचारलं. त्यांचा नंबर आला आणि त्या आत गेल्या. भित्री निघाले, दुसरं काय!

अण्णा गेले. त्यांना मी हे कधीच सांगितलं नाही. अजून सांगलीला गेले की त्यांचे विद्यार्थी भेटतात, सरांनी शिस्त लावली म्हणतात, आणि मला तिथून पळून जावंसं वाटतं. लोक विचारतात, परत कधी येणार? कुठे परत येऊ? माझं घर म्हणजे माझं बरोबर असण्याची खात्री होती. तीच मी इकडे घेऊन आले आणि एका बाईला त्या खात्रीपायी घरी बसवलं.

मोझाची मुलगी आता कॉलेजच्या वयाची असेल. आपल्या घरात कुणालाच गणित येत नाही, असं ती लहानपणापासून ऐकत आली असेल. हे खोटं तिच्या घरात मी सोडलं, आणि ते खोटं आहे हे त्या घरात कुणालाच ठाऊक नाही.