साडेपाचचा बस्ता

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. रामटेके बडे बाबूंच्या टेबलावर विधानसभेचं काम येऊन पडलं, ते साहेबांना आपोआप सुचलं नव्हतं. मी सुचवलं होतं. उभ्या उभ्या, घाबरून, दोन वाक्यांत.

बडे बाबू म्हणजे आमच्या संचालनालयातले हेड क्लार्क. राज्य नवीन, रायपूर ही राजधानी नवीन, आणि कार्यालयाला स्वतःची इमारतच नाही. बूढ़ापाऱ्याजवळच्या एका जुन्या वसतिगृहात आम्हाला बसवलं होतं. मुलांच्या खोल्यांत शाखा, न्हाणीघरांत रेकॉर्ड. भोपाळहून ट्रकनं आलेल्या फायली पोत्यांतून उपसायच्या आणि कुठली कुणाची हे ओळखत बसायचं. या सगळ्या धांदलीत रोज साडेपाचला एक माणूस शांतपणे उठायचा, टेबलावर लाल कापड पसरायचा, त्यात दिवसभराच्या फायली रचायचा आणि चारही टोकं ओढून दोन गाठी मारायचा. त्या बस्त्यावर एक चिठ्ठी खोचायचा: ‘उद्या इथून.’ खाली फायलीचा नंबर आणि पान. मग रिकाम्या टेबलावरून एकदा तळहात फिरवायचा, पोळपाट पुसावा तसा.

“बांधलेला बस्ता सकाळपर्यंत उघडाचा नाही. मंत्री आला तरी नाही,” ते म्हणत. “काम कधी संपत नसते बे. आपल्याले थांबा लागते.”

त्यांना आळशी म्हणायची सोय नव्हती. सकाळी दहाला ते सगळ्यात नकोशी फाईल आधी काढायचे. टेबलावर एका वेळी एकच. त्यांच्या टिपणीत साहेबांना कधी लाल शाई लावावी लागली नाही. दुपारी डबा झाला की साहेबांचे स्टेनो साहूजी दारात येऊन म्हणायचे, “चलव बडे बाबू, तरिया बलावत हे.” मग दोघं त्या तळ्याच्या, बूढ़ा तालाबच्या, काठानं सावकाश चालत जायचे, बाकावर वीस मिनिटं बसायचे आणि परत यायचे. साहूजी छत्तीसगढीत बोलायचे, बडे बाबू आपल्या गोंदियाकडच्या मराठीत. पंचवीस वर्षांची दोस्ती, भोपाळपासूनची. दोघांनाही भाषा बदलायची गरज कधी पडली नव्हती.

मी तात्यापाऱ्यातला, रायपूरच्या जुन्या मराठी वस्तीतला. वय अठ्ठावीस, नोकरी परिवीक्षेवर, बायकोला सातवा महिना. माझ्याकडे विधानसभा शाखा होती. आमदार प्रश्न विचारणार, आम्ही ठरल्या तारखेला उत्तर पाठवायचं. चुकलं तर साहेबांची मान आणि साहेबांच्या आधी माझी. ज्याचं काम दिसलं नाही त्याला दंतेवाड्याला पाठवतात, असं सगळे एकमेकांना सांगायचे. मी कामाच्या भीतीनं घरी जायचो नाही आणि थकव्यानं काम व्हायचं नाही. सकाळी ब्रश करताना उलटी यायची. फोन वाजला की तळवे ओले व्हायचे. तीन प्रश्नांच्या फायली मी खालच्या खणात ठेवल्या होत्या. त्या उघडायची हिंमतच होत नव्हती. रोज त्या खणाला कुलूप आहे ना, एवढं मात्र बघायचो.

हे बडे बाबूंनी ओळखलं. साहूजी रजेवर होते त्या दुपारी ते मला तळ्यावर घेऊन गेले.

“तू डोळे काहून असे करून राहिला?”

“काही नाही बाबूजी, झोप कमी होते.”

“मले सांगू नको. मी जाऊन आलो तिथून.” त्यांनी चपला काढून पाय बाकावर घेतले. मग म्हणाले, “भोपाळले होतो तवा मी चार-चार शाखा ओढल्या. नाही म्हणाची लाज वाटे. एक दिवस फाईल उघडली, त अक्षरं मुंग्यांवानी चालाले लागली. चांगल्या मोठ्या अक्षरातला कागद, अन् मले माझं नाव वाचता येईना. डोळे तपासले, डोळे ठीक. डॉक्टर म्हणे, डोकं थकलं. सहा महिने लागले परत वाचाले. पुन्हा असं झालं त येईन का नाई, सांगता येत नाही म्हणे.” मग हसून माझ्या गुडघ्यावर थापटी मारली. “म्हणून साडेपाचले बस्ता. हे तुह्या काकूशिवाय कोनाले माहीत नाही. साहूलेबी नाही, त्याले रजा काविळीची सांगितली. तू पोट्टा आहेस, तुले आताच सांगून ठेवतो.”

हे लक्षात ठेवा. मला माहीत होतं.

त्यानंतर पंधरा दिवसांनी साहेबांनी मला आत बोलावलं. साहूजी तेव्हा टपाल घेऊन बाहेर गेले होते. तीन उत्तरं गेली नाहीत, असा वरून फोन आला होता. साहेब आवाज चढवत नसत. त्यांनी फक्त विचारलं, “आपसे नहीं होता, तो बता दीजिए.” मी म्हणालो, “सर, काम बहुत है. बडे बाबू की टेबल तो साढ़े पाँच बजे साफ हो जाती है.”

बस्स, इतकंच. साहेबांनी खिडकीतून समोर बडे बाबूंच्या खोलीकडे बघितलं. आमच्या कार्यालयात टेबलावर ढीग असणं म्हणजे माणूस कामात असणं. ज्याचं टेबल मोकळं, त्याच्याकडे वेळ आहे, हे साहेबांनाही पटायला एक क्षण पुरला. दुसऱ्या दिवशी लेखी आदेश निघाला: विधानसभेचं काम यापुढे बडे बाबूंकडे.

बडे बाबूंनी आदेश वाचला आणि सही केली. संध्याकाळी बस्ता बांधायला घेतला, फायली मावेनात. त्यांनी कापड परत घडी करून खणात ठेवलं. मी बघत होतो. त्या दिवशी टेबलावर चिठ्ठी नव्हती.

आठवडाभरानं त्यांनी मला विचारलं, “माह्या टेबलाचं साहेबाले कोनं सांगितलं असन?”

मी समोरच्या फायलीचं पान उलटलं.

“साहूनं त नसन? आत तोच बसते.”

मी म्हणालो, “काय माहीत बाबूजी. आत तर तेच असतात.”

पहिलं वाक्य घाबरून गेलं, असं मी स्वतःला कधीकधी समजावू शकतो. दुसऱ्याला काही समजूत नाही. त्या दुपारी साहूजी दारात आले, “चलव” म्हणाले, आणि बडे बाबूंनी मान वर न करता सांगितलं, “काम आहे.” दुसऱ्या दिवशी पण तेच. तिसऱ्या दिवशी साहूजी दारातून माझ्याकडे बघून हलक्या आवाजात म्हणाले, “का होगे जी? मोर ले कुछु गलती होगे का?” मी खांदे उडवले. चौथ्या दिवशी ते आले नाहीत.

मग ते झालं. अधिवेशन तोंडावर होतं. बडे बाबूंनी मला हाक मारली. त्यांचं बोट एका ओळीवर ठेवलेलं होतं.

“हे वाच बरं.”

मी वाचलं. साधी ओळ होती, टाइप केलेली. जिल्ह्याचं नाव आणि शाळांची संख्या.

“पुढची.”

पुढची वाचली. मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. ते कागदाकडे बघत होते, तिथे काहीतरी वळवळत असावं तसे.

“कोनाले सांगू नको,” ते म्हणाले.

अठरा दिवस मी त्यांना फायली वाचून दाखवल्या. दार लोटून, खालच्या आवाजात. ते डोळे मिटून ऐकायचे, उत्तर तोंडी सांगायचे, मी लिहायचो. सांगायला त्यांची कधी चूक झाली नाही. रोज वाटायचं, आता साहेब आत येतील. रोज वाटायचं, आता मी सांगून टाकीन. साहेब एक दिवस खरंच आत आले आणि म्हणाले, “बडे बाबू, ज़रा ये पढ़कर बताइए.” बडे बाबूंनी कागद हातात घेतला. मी हात पुढे केला, पण उशीर झाला होता. ते कागद धरून नुसते उभे राहिले. शेवटी त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि त्याच्यावरून तळहात फिरवला.

त्यांनी रजा टाकली, मग मुदतीआधी निवृत्ती घेतली. अक्षरं परत आली नाहीत. मी बूढ़ापाऱ्यातल्या त्यांच्या घरी जायचो. काकू पेपर वाचून दाखवायच्या, ते खिडकीशी बसून ऐकायचे. शेवटच्या भेटीत त्यांनी माझा हात धरून ठेवला. काकूंना म्हणाले, “ह्या पोट्ट्यानं अठरा दिवस मले वाचून देल्लं. नाही त तवाच तमाशा झाला असता.” काकूंनी माझ्या पुढ्यात चिवड्याची बशी सरकवली. मी ती सगळी खाल्ली. तोंडात घास असला की बोलावं लागत नाही.

“साहू दिसते का?” त्यांनी विचारलं.

“दिसतात.”

“त्यानं असं कराले नको होतं,” ते म्हणाले. रागानं नाही. दुखल्यासारखं. त्या हिवाळ्यात ते गेले. साहूजी अंत्ययात्रेत सगळ्यात मागे चालत होते. बडे बाबूंनी आपल्याला का तोडलं, ते साहूजींना अजूनही कळलेलं नाही.

आता कार्यालय नव्या रायपूरला गेलंय, काचेची इमारत आहे. मी स्वतः बडे बाबू झालो आहे. साडेपाचला मी टेबल आवरतो आणि ‘उद्या इथून’ लिहून ठेवतो. माझी तब्येत चांगली आहे. लोक विचारतात, तुम्ही इतकं काम करून ताजे कसे राहता? मी म्हणतो, एकानं शिकवलं. तेवढ्यावर थांबतो.

साहूजी आहेत अजून. ऐंशीच्या पुढे असतील. संध्याकाळी तळ्याच्या त्याच बाकावर एकटे बसतात, मी स्कूटरवरून दुसऱ्या रस्त्यानं जातो. काकूही आहेत. दिवाळीला मला घरी बोलावतात.

त्या दोघांचं माझ्याकडे एक वाक्य राहिलं आहे. साहेबांना साहूजींनी नाही, मी सांगितलं होतं. ते मी अजून दिलेलं नाही.