चोरून खाल्लेला केक, काकवी आणि कोल्हापूर

दसरा झाला की पुण्यात कोपऱ्याकोपऱ्यावर सफरचंदांच्या गाड्या लागतात आणि आमच्या घरी दरवर्षी एक केक बिघडतो. साखर घालून झाली, मध घालून झाला. एकदा दालचिनी इतकी घातली की नवरा म्हणाला, हा केक आहे की काढा? मला हवी असलेली चव मी आयुष्यात एकदाच चाखलीय, दहा वर्षांची असताना, कोल्हापुरात. आणि ती चोरीची होती.

तेव्हा घरोघरी ओव्हन नव्हते. दिवाळीआधी बायका कणीक, तूप, साखर घेऊन गल्लीतल्या बेकरीत जायच्या आणि भट्टीत नानकटाई भाजून घ्यायच्या. भरलेले डबे फळीवर निवत ठेवलेले असायचे, ते आणायला आम्हा पोरांना पिटाळायचे. मी गेले, आमच्यासारखाच दिसणारा डबा उचलला आणि घरी आले. झाकण काढलं तर नानकटाईचा पत्ता नाही! कणकेचा जाडजूड केक, आत सफरचंदाच्या तपकिरी, चिकट फोडी. आई बाहेरून येईपर्यंत मी आणि धाकट्या बहिणीने अर्धा फस्त केला होता. आईने कपाळाला हात लावला. "उष्टा डबा आता कुठल्या तोंडाने परत करायचा?" म्हणाली. दिवाळीनंतर बाबांची बदली झाली आणि ते राहूनच गेलं.

गेल्या वर्षी आई गेली. माळा आवरताना तो डबा मिळाला. तिने तो कधीच वापरला नव्हता. बुडाशी ठोकून कोरलेलं होतं: 'शालनला दादाकडून, बिद्री'. तो हातात घेऊन मी माळ्यावरच बसून राहिले. मग ठरवलं, जायचं. डबा द्यायचा, माफी मागायची, आणि जमलं तर कृती विचारून घ्यायची. स्वार्थ लपवत नाही.

पहिला दिवस. स्वारगेटहून सकाळी सातची एसटी. हायवेचं काम संपतच नाहीये, त्यामुळे सहा-सात तास धरूनच निघा आणि सोबत पाणी ठेवा, कारण ऑक्टोबरचं ऊन खिडकीतून थेट मांडीवर येतं. कराड सोडलं की दोन्ही बाजूंना ऊस. मला खिडकीशी बसून आपण अजून शाळेतच आहोत असं वाटायला लागलं. कोल्हापुरात स्टँडजवळ हजार-बाराशेत बरी खोली मिळते, फक्त आधी बघून घ्या. मी पिशवी टाकली आणि तडक आमच्या जुन्या गल्लीत गेले.

गल्ली बदललीय. आमच्या घराच्या जागी मोबाईलचं दुकान आहे. पण वळणावरच पावाचा वास आला आणि माझे पाय आपोआप भरभर चालायला लागले. बेकरी होती! पाटी नवी, भट्टी तीच. गल्ल्यावर बसलेले, सत्तरीचे चाचा म्हणजे जुन्या मालकांचा मुलगा.

"काय पावणं, कुठनं आलासा?"

"पुण्याहून. पण मूळची इथलीच."

"मग हितलीच म्हणा की! पुण्याचं कशाला सांगताय?"

मी डबा पुढे केला. त्यांनी चष्मा लावला, बूड वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. "ही पलीकडच्या गल्लीतली शालनवहिनी. ह्या डब्यापायी आमच्या अब्बांशी भांडाय आलती. दिवाळीच्या तोंडावर हितं उभी राहून रडलीया ती, बाई."

त्या रात्री तांबडा-पांढरा समोर असूनही मला जेवण गेलं नाही.

दुसरा दिवस. सकाळी मिसळ खाल्ली (बारानंतर जाल तर कट संपलेला असतो), धीर केला आणि चाचांनी सांगितलेल्या पत्त्यावर जाऊन शालनकाकूंची बेल वाजवली. साठी ओलांडलेल्या, ठसठशीत कुंकू लावलेल्या बाईंनी दार उघडलं. मी पुण्याहून छान वाक्यं जुळवून नेली होती. तोंडातून निघालं एवढंच, "काकू, तुमचा डबा मी नेला होता."

त्या डबा घेऊन खुर्चीवर बसल्या. कोरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिल्या. आत कॉटवर त्यांच्या सासूबाई होत्या, नव्वदीच्या आसपास, कानाने मंद.

"लग्नाला दोनच वर्सं झालीती," शालनकाकू म्हणाल्या. "मामंजी आजारी. बघाय येनारा प्रत्येक मानूस सफरचंदंच घिऊन यायचा. खानार कोन एवढी? नरम पडाय लागली. आमच्या म्हायेरी, बिद्रीला, गुऱ्हाळावर काकवीत काय काय बुडवून खायचो आमी. म्हटलं, बघू. फोडी काकवीत मुरवल्या, कनकेत घातल्या, दिल्या भट्टीला. आन् घरात काय आली, तर तुमची नानकटाई!"

मला हसू आलं, पण त्या हसत नव्हत्या.

आतल्या कॉटकडे बघत त्यांनी सांगितलं, "आत्या म्हनल्या, डबा बदलला ही थाप हाय, सफरचंदं म्हायेरी धाडलीस, डबा बी धाडलास. किती शपथा घातल्या, न्हाय पटलं. भाऊबीजेला दादा आला, तर त्यालाच इचारलं, 'सफरचंदं ग्वाड हुती का?' त्यो ताटावरनं उठला. तवापासनं ह्या घराचा उंबरा चढला न्हाय. मीच जाते दरसाल बिद्रीला ओवाळाय."

पुढे मी काय बोलले ते आठवत नाही. रडले एवढं आठवतं. मी जी चोरी इतकी वर्षं लहानपणीची गंमत म्हणून चारचौघांत सांगत होते, तिने एका भावाला बहिणीचं दार बंद केलं होतं. शालनकाकूंनी पाणी दिलं आणि विचारलं, "चव कशी हुती गं? मी चाखलीच न्हाय की!"

म्हणजे कृती त्यांच्याकडे होती आणि चव माझ्याकडे. त्यांनी परत कधी केलंच नव्हतं.

मग आम्ही दोघी मंडईत गेलो. त्या मुद्दाम नरम सफरचंदं वेचत होत्या. गाडीवाला हैराण. "मावशी, पेशंटला न्यायचीत व्हय? मग तर चांगली घ्या की!" काकवी शेजारणीने दिली. प्रमाण लिहून घ्यायला मी वही काढली, तर काकू म्हणाल्या, "हातानं बघ, वहीत काय बघतीस?" तरी तुमच्यासाठी अंदाज देते: चार सफरचंदांच्या जाड फोडी वाटीभर काकवीत दोन तास. अडीच वाट्या कणीक, पाऊण वाटी तूप, थोडं जायफळ, खायच्या सोड्याची चिमूट, भिजवायला दूध. निम्मं पीठ खाली, निम्मं वर, मधे फोडी.

दुपारी डबा घेऊन बेकरीत पोचलो, तर चाचांनी थांबवलं. "आत्ता न्हाय. पाव झाला, खारी झाली की भट्टी उतरती, तवा घालू. आत्ता घातलं तर वरनं काळं आन् आत कच्चं." माझे आजवरचे सगळे केक वरून काळे आणि आत कच्चे होते, हे मी त्यांना सांगितलं नाही.

संध्याकाळी डबा उघडला. शालनकाकूंनी पहिला तुकडा तोंडात घातला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "चांगलं केलतं की गं मी." चव तीच होती. अगदी तीच.

सासूबाईंना मी सगळं मोठ्याने, हातवारे करून सांगितलं. त्या ऐकत होत्या. दोन तुकडे खाल्ले. "मऊ झालंय," एवढंच म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या. मला भयंकर राग आला. काकू म्हणाल्या, "असू दे. खाल्लं न्हवं?" रिकामा डबा त्यांनी फडताळात ठेवला आणि मी खोलीवर आले.

तिसऱ्या दिवशी एसटीने परत. येताना काकवीच्या दोन बाटल्या घेतल्या, त्यातली एक कराडला गळायला लागली. पुण्यात आल्यावर आठवडाभर मी चिडचिडी होते. आई असती तर तिला सांगितलं असतं की, कुठल्या तोंडाने जायचं, हे तुझं बरोबर होतं, जाताना फार लाज वाटली, पण तेव्हाच जायला हवं होतं. उष्टा डबाही चालला असता.

धनत्रयोदशीला शालनकाकूंचा फोन आला.

"आत्यांनी सकाळी हाक मारली. म्हनल्या, तुज्या दादाला फोन लावून दे."

"मग?"

"दिला लावून. त्यास्नी ऐकाय येत न्हाय, दादाला बोलवंना. दोगं बी आपली नुसतीच 'व्हय, व्हय' करत हुती. लई येळ."

"येणारेत का मग?"

"येतोय की! भाऊबीजेला, सकाळच्या गाडीनं." मागे पाण्याचा, भांड्यांचा आवाज येत होता. "आता ठेव बाई फोन. निरांजन घासाय घेतलंय. ह्या घरात त्याला ओवाळून लई वर्सं झाली."