जीपच्या बोल्टाला घातलेलं तेल

देव आहे का नाही, हा प्रश्न मला कधी पडला नाही. पण आपल्या हातातल्या कामात तो येऊन हात घालील, यावर माझा भरवसा नव्हता. माझं मी बघीन, त्याचं त्यानं बघावं, असा माझा खाक्या. शाळा दुसरीपर्यंतच झाली, पण माझ्या जुन्या जीपला दुसऱ्या कुणाचा पाना मी कधी लागू दिला नाही, याची घमेंड मोठी.

त्या वर्षी आमच्या ग्रामदैवताच्या, सिद्धरामाच्या, गड्ड्यावरच्या यात्रेच्या तोंडावर जीपच्या पुढच्या चाकाचा कमानीचा पाटा तुटला. आमची थोरली बहीण, अक्का, वळसंगला असते. तिचे पाय गेलेले, यष्टीत चढता येत नाही. कैक वर्षांत तिला सिद्धरामाच्या लग्नाच्या अक्षता बघायला मिळाल्या नव्हत्या. "औंदा तुला जीपमधनं नेतो," असा शब्द मी देऊन बसलेलो. नवा पाटा आणला, पण जुना निघेल तर बसवीन! त्याच्या टोकाच्या गोल भोकातला, म्हणजे डोळ्यातला, बोल्ट गंजून असा बसला होता की पान्याला पाईप लावून लोंबकळलो तरी हलेना. हातोडा झाला, रॉकेल झालं, शिव्याही झाल्या.

तेलाभिषेकाचा दिवस उजाडला. दुसऱ्या दिवशी अक्षता. घरची म्हणाली, "पेठेतल्या मिस्त्रीला बोलवा की."

"मग या मिशा कशाला ठेवल्यात मी?"

"मिशीनं फिरतोय का बोल्ट बघा मग!"

असं म्हणून ती घरात गेली आणि विभूती घेऊन आली. पाट्याचा तो गोल डोळा मळीनं काळाकुळकुळीत झालेला. त्यावर तिनं तीन बोटं ओढली, वर झेंडूचं फूल ठेवलं आणि बोल्टाला म्हणाली, "मालकांचं न्हाय ऐकत, देवाचं तरी ऐक बाबा." मला राग आला, पण विभूती पुसायची कशी? तशीच ठेवून मी पालथा झालो, हात लांब करून जीपखाली पान्याशी झोंबत राहिलो.

त्या दिवशी गावातल्या ज्या अडुसष्ट लिंगांना तेल घालतात, त्यांपैकी एक आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर आहे. सकाळपासून बायाबापड्यांची तिथं तेल घालायला ये-जा चालली होती. तेवढ्यात माझ्या डोक्याजवळ कुणीतरी थांबलं. कपाळभर विभूती लावलेली एक म्हातारी, नजर अधू, हातात पितळी तांब्या. ती मोठ्यानं "हर्र बोला हर्र" म्हणाली आणि तांब्यातलं करडईचं तेल सगळंच्या सगळं त्या डोळ्यावर ओतलं! मग माझ्या पाठीवर थाप मारून अर्धं कानडीत, अर्धं मराठीत म्हणाली, "एळो तम्मा, साकु! पुरे की रं भावा, किती येळ दंडवत घालतोस? उठ आता, पावला तुला."

मी तोंडावरचं तेल पुसत बाहेर येईस्तोवर ती गर्दीत मिसळली. घरची उंबऱ्यावर पोट धरून हसत होती. मी पाना उचलला, तशी ती एकदम गंभीर झाली. "आवो, अभिषेकाचं तेल हाय ते. ओलं हाय तवर लोखंड नका लावू त्याला."

माझ्यासारख्या हट्टी माणसाला कुणी असं थांबवलं नव्हतं. पण देवाच्या तेलावर पाना कसा घालायचा? गपचूप हात धुतले आणि रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. नंदीध्वज आले. पांढऱ्याशुभ्र बाराबंदीतली माणसं एवढाले उंच ध्वज कमरेच्या पट्ट्यात तोलत चालली होती. हलग्या वाजत होत्या. कितीतरी दिवसांनी माझ्या मनात बोल्ट नव्हता. मीही लहान पोरासारखा "हर्र" म्हणून ओरडलो.

ऊन कलल्यावर परत आलो. तेल आत शोषलं होतं. पाईप लावायच्या आधी नुसता पाना घालून बघावा म्हणून बघितला, तर बोल्टानं "कुईं" केलं आणि फिरला. जोरसुद्धा लावला नव्हता. मी तिथंच जमिनीवर बसून हसत सुटलो. घरची विचारते, "रडताय का हसताय?"

कुणी म्हणेल, तेल मुरलं, गंज सुटला. म्हणू द्या, मी वाद घालत नाही. त्या म्हातारीला मी सबंध यात्रेत शोधलं. आमच्या गल्लीत तिला कुणी ओळखत नव्हतं.

रातोरात नवा पाटा बसवला आणि दुसऱ्या दिवशी अक्का जीपमध्ये बसून गड्ड्यावर आली. मंगलाष्टकं झाली, चारी बाजूंनी अक्षता उडाल्या. अक्कानं मूठ भरून टाकल्या त्यातल्या निम्म्या माझ्याच टोपीवर पडल्या. ती डोळे पुसत म्हणाली, "शब्द राखलास रं." एरवी मी मान ताठ करून व्हय म्हटलं असतं. त्या दिवशी नुसते हात जोडले गेले.

आजही जोर लावायची सवय गेलेली नाही. पण जोर संपला की आता घाबरत नाही, जरा बाजूला होतो, देवाला वाट देतो. खरं तर त्या दिवशी मी दंडवत घातलाच नव्हता, बोल्टाशी भांडत पालथा पडलो होतो. म्हातारीला तो दंडवत दिसला, आणि सिद्धरामानं तो घेतलाही.